कुणाच्या लाकडाचा प्याला

मी एक जुना, तडकलेला लाकडी प्याला आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. माझ्यासारखी जुनी भांडी आपली गोष्ट सांगायला बसली की आधी एक उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मी ओढ्याच्या तळाशी पडून आहे, अंगावर शेवाळ चढलं आहे, एक गोगलगाय माझ्या कानाखाली संसार थाटून बसली आहे. इतकं थंड पाणी रोज अंगावरून जातं, तरी माझा राग काही निवत नाही. निवावा अशी माझी इच्छाही नाही.

माझं लाकूड आल्डरचं. आल्डर म्हणजे ओढ्यात पाय सोडून उभं राहणारं झाड. त्याचं लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून आमच्या भागातले लोक त्याची दुधाची भांडी करतात, दलदलीतल्या वाटेचे खुंट करतात, पायात घालायचे लाकडी बूट करतात. कुऱ्हाड बसली की ते आधी पांढरं दिसतं आणि बघता बघता लाल होतं. रक्त आलं म्हणतात लोक, आणि पुढचा घाव घालतात.

ज्या झाडातून मी निघालो ती एक म्हातारी आल्डर होती. तिच्या बुंध्यावर डोळ्यासारखी एक काळी गाठ होती. मला घडवणाऱ्याने ती गाठ तासून काढली नाही. त्याने मला एका अखंड ठोकळ्यातून कोरलं. बूड गोल, तोंड चौकोनी आणि चारी बाजूंना चार कान, म्हणजे प्याला हातोहात फिरवता यावा आणि कोपऱ्यातून घोट घेता यावा. ती काळी गाठ माझ्या एका कोपऱ्याखाली आली. घरातली बाई म्हणाली, "हे काय, डोळा आहे का ह्याला?" तो म्हणाला, "असू दे. दुधाकडे लक्ष ठेवेल." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक, आणि खरं म्हणाल तर प्रामाणिक असं शेवटचं.

आमच्या टेकडीवर मातीचा एक गोल बांध आहे. त्याच्या मधोमध एक हॉथॉर्नचं झाड आहे, काटेरी, पांढऱ्या फुलांचं. मे महिना लागायच्या आदल्या दिवशी गावातले लोक शेजारणीला चुलीतला विस्तवसुद्धा देत नाहीत, घरातलं नशीब बाहेर जाईल म्हणून. पण त्याच संध्याकाळी, नुकत्या व्यायलेल्या गाईचा चीक घेऊन घरची बाई न बोलता टेकडी चढते आणि हॉथॉर्नच्या मुळाशी असलेल्या दगडाच्या खळग्यात ओतते. त्या वर्षी तिने मला चिकासकट तिथे ठेवलं. जे तिथे ठेवलं ते परत न्यायचं नसतं. मी दरबारचा झालो.

आता हा दरबार कसला, ते सांगतो. वर्षभर झाडं झाडं असतात आणि फुलं फुलं. पण त्या एका दिवशी, सूर्य उगवला की झाडांच्या सालीतून आणि फुलांच्या देठांतून त्यांची माणसं बाहेर येतात आणि सूर्य बुडून उजेड संपेपर्यंत बाहेर असतात. हॉथॉर्नमधून स्केआ राणी येते, तिच्या केसांतून पाकळ्या गळत असतात. ओकमधून सेनापती येतो, नेहमी उशिरा, कारण त्याला पालवीच उशिरा फुटते. यू नावाच्या झाडातून यूर येतो, दरबारातला सगळ्यात जुना सरदार, अंगावर कायम गडद हिरवा झगा. होली नावाच्या झुडपातून येतो कुलिन, काटेरी पानांचा कारभारी. प्रिमरोझच्या पिवळ्या सरदारणी येतात, निळ्या घंटाफुलांचे चोपदार येतात. राणीच्या उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, सावलीत कोण, उन्हात कोण, हे सगळं ठरलेलं. सगळ्यात शेवटी, बांधाला टेकून, आचन बसतो. तो गॉर्सचं झुडूप, बारा महिने पिवळा. त्याला जागा एवढ्याचसाठी दिली आहे की तो हसवतो.

आणि बांधाच्या बाहेर, खाली ओढ्यात, आल्डर. त्यांना जागा नाही.

का नाही? तर आमच्या ओढ्याला दलदलीतून गंजाचं तांबडं पाणी येतं, लोखंडाचं. दरबारातल्या लोकांना लोखंडाचं वावडं आहे. ज्यांचे पाय जन्मभर त्या पाण्यात, ते बाटलेले. बस्स, एवढंच कारण. ते पाणी पिऊन एकही आल्डर कुणाला चावल्याचं मी ऐकलेलं नाही.

दरबाराचे दोन नियम तुम्ही नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. पहिला, झाडाफुलांतून येणाऱ्या कुणालाच खोटं बोलता येत नाही. जीभच वळत नाही. सरळ प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्यावंच लागतं. दुसरा, खालच्याने वरच्याला प्रश्न विचारायचा नाही. विनंती करावी, मुजरा करावा, रडावं. प्रश्न नाही. आता ह्या दोन नियमांच्या मधल्या जागेत केवढी मोठी लबाडी राहू शकते, ते मी पाहिलं आहे. एक जण कधी खोटं बोलत नाही आणि बाकीचे त्याला कधी विचारत नाहीत. झालं काम.

माझं काम सोपं होतं. खळग्यातला चीक माझ्यात भरायचा. राणीने पहिला घोट घ्यायचा, मग मानाप्रमाणे एकेकाने. प्रत्येकाने घोटातला शेवटचा थेंब आपल्या झाडाच्या मुळाशी टाकायचा. दुसऱ्या दिवशी लोकांना मुळाशी ते पांढरं दिसलं की त्या झाडाला वर्षभर कुऱ्हाड लागत नसे. ते झाड त्यांचं, असं म्हणून लोक टोपी काढून पुढे जात. म्हणजे माझ्यातला घोट ही नुसती मेजवानी नव्हती, मित्रांनो. तो जीव होता. मी जीव वाटत फिरायचो, आणि माझ्या सख्ख्या माणसांच्या वाट्याला तो कधी येत नव्हता.

कौतुक मात्र माझं फार झालं. राणी मला उजेडात धरून म्हणायची, "काय सुरेख लाल रंग आहे हो!" आणि यूर, आपला झगा सावरत, दरवर्षी ठरलेलं एक वाक्य बोलायचा, "आमच्या घराण्याचं लाकूड असंच लाल असतं."

ह्यात खोटं काहीच नाही. यूचं लाकूड लाल असतंच. पण सगळे माना डोलवायचे, प्रिमरोझच्या सरदारणी "घराणं ते घराणं" म्हणायच्या, आणि यूरला राणीच्या उजव्या हाताची जागा मिळायची. हा प्याला तुमच्या घराण्याचा का, असं कुणी कधी विचारलं नाही. मला चौकोनी का होईना तोंड होतं, पण बोलता येत नव्हतं. मी त्याच्या ओठांना लागायचो तेव्हा मला कळायचं, की ह्याला माहीत आहे. जो यू आहे त्याला यूचं लाकूड कळत नाही होय?

असंच चालू राहिलं असतं. पण एका वर्षी कुलिनने मला दरबार झाल्यावर ओकच्या वरच्या ढोलीत, दक्षिणेच्या उन्हात ठेवलं आणि विसरला. लाकडी भांडं अधूनमधून ओलं करावं लागतं, हे त्या कारभाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या हाताखाली सगळं आपोआप होत असे, म्हणजे दुसरं कुणीतरी करत असे. मी वाळलो. माझ्या अंगावर केसासारख्या भेगा पडल्या.

पुढच्या मेच्या आदल्या सकाळी त्याने मला काढलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आचन! ए पिवळ्या! इकडे ये."

"आलो कारभारी. पडलं असेल काही."

"जीभ आवर. हा घे, ओढ्यावर जा आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात बुडवून ठेव. फुगला म्हणजे भेगा मिटतील. आणि राणीसाहेबांच्या कानावर घालायचं नाही."

"ओढ्यावर! तिथलं पाणी तर बाटलेलं, कारभारी."

"मी बाहेरून बुडवायला सांगतोय, प्यायला नाही. चल, निघ!"

तर मी, इतक्या वर्षांनी, घरी गेलो.

ओढ्यावर तेव्हा दोनच आल्डर उरल्या होत्या. फार्नोग आणि तिची मुलगी रुआ. बाकीचे खुंट झाले होते, बूट झाले होते, लोण्याचे डबे होऊन कॅरिकच्या बाजारात विकले गेले होते. फार्नोग तेव्हा पाण्यात बसून रुआच्या पोटरीला चिखल लावत होती. रुआच्या बुंध्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, सालीचा एक तुकडा ताजा ताजा काढलेला होता. गावातला डोनाख, लाकडी भांडी करणारा, काल येऊन खूण करून गेला होता. बरोबरच्या बायकोला म्हणाला होता, "ही कोवळी बरी. सरळ आहे, गाठ नाही. परवा सकाळी पाडू."

परवा म्हणजे आता उद्या.

आचनने मला पाण्यात सोडलं. "घ्या बाई, तुमच्याकडे पाहुणा. सांभाळा, नाहीतर कुलिन माझी फुलं उपटेल."

फार्नोगने मान वर केली. मी पाण्यात एका कुशीवर झालो आणि माझी काळी गाठ वर आली. ती बघतच राहिली. मग तिने मला उचललं, त्या गाठीवर अंगठा फिरवला आणि नाकाशी धरलं. ओलं आल्डर ओळखायला आल्डरला वेळ लागत नाही.

"रुआ," ती म्हणाली, "ही बघ तुझी आजी."

"कोण?"

"ही गाठ बघ. ह्या गाठीच्या खाली माझं बी रुजलं. पाऊस आला की गाठीवरून थेंब माझ्या डोक्यात पडायचा. लहानपणी तिचा एवढा राग यायचा मला!" आणि ती रडायला लागली.

आचन इकडे तिकडे बघायला लागला. "हळू, बाई, हळू. हा दरबारचा प्याला आहे. यूर सरदारांच्या..."

"यूर म्हणाले असं?"

ओढ्यावर वरचा-खालचा कुणी मोजत नाही. आचन तोंड उघडून थांबला. त्यालाही खोटं बोलता येत नाही. "म्हणाले नाहीत," तो म्हणाला. "आता तू विचारतेस म्हणून आठवतो, तर म्हणाले नाहीत कधी. आईशप्पथ! आम्हीच आपले..." आणि त्याला एकदम हसू फुटलं, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "म्हणजे इतकी वर्षं सगळे मानकरी आल्डरच्या लाकडाला ओठ लावून पितायत?"

"संध्याकाळी मी वर येते," फार्नोग म्हणाली. "एक घोट मागते, रुआसाठी. मला नको. एकच."

"आत येऊ देणार नाहीत तुला."

"बाहेरून मागेन."

दिवसभर मी त्या पाण्यात होतो. माझ्या भेगा मिटल्या, पण वरवर. गाठीजवळची एक आतपर्यंत गेली होती, ती मिटली नाही. मला ती जाणवत होती. मी कुणाला सांगणार?

संध्याकाळी गोर्मला, डोनाखची बायको, न बोलता टेकडी चढली, चीक ओतला आणि मागे न बघता उतरली. दरबार भरला. निळ्या चोपदारांनी घंटा हलवल्या. कुलिनने मला पुसून चकचकीत केलं आणि काठोकाठ भरलं. राणीने मला उजेडात धरलं.

"यंदा तर रंग आणखीच खुलला आहे!"

"आमच्या घराण्याचं लाकूड असंच लाल असतं," यूर म्हणाला.

तेवढ्यात बांधाच्या फटीत फार्नोग उभी राहिली. ती बांधाच्या आत आली नव्हती. पण टेकडीवरच्या गवतात तिच्या ओल्या पावलांचे तांबडे ठसे उमटले होते आणि प्रिमरोझच्या सरदारणींनी झगे वर उचलून घेतले, जणू ते ठसे चालत येऊन त्यांना लागणार होते.

"हिला कुणी येऊ दिलं?" कुलिन ओरडला.

"राणीसाहेब," फार्नोग म्हणाली, "माझ्या मुलीला उद्या तोडणार आहेत. खूण करून गेलेत. एक घोट द्या. तो तिने नाही प्यायला तरी चालेल, नुसता मुळाशी टाकते. उरला-सुरला द्या. सगळ्यांचं झाल्यावर द्या."

राणीचा स्वभाव ओरडण्याचा नाही. ती हसून बोलते, आणि तेच वाईट. "अगं बाई, मला काय वाईट वाटत नाही का? पण तुझ्या पायांना काय लागलंय ते बघ. हा प्याला मी तुझ्या हातात दिला, की पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी कशातून प्यायचं? तूच सांग."

"तुम्ही इतकी वर्षं पिताय तेच करा," फार्नोग म्हणाली. "हा प्याला आल्डरचा आहे. हे माझ्या आईचं अंग आहे. ती गाठ बघा."

मित्रांनो, तेव्हा काय झालं ते ऐका.

राणीच्या हातात मी होतो आणि तिचा अंगठा नेमका त्या गाठीवर होता. तिने यूरकडे पाहिलं. यूरने जमिनीकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं. तिने एक प्रश्न विचारायचा होता, तिला तो हक्क होता, त्या बांधात तिच्या वर कुणी नव्हतं. 'यूर, हे लाकूड तुमचं आहे का?' बस्स. त्याला नाही म्हणावं लागलं असतं. आणि मग एकतर इतक्या वर्षांत प्यायलेले सगळे बाटले असते, नाहीतर आल्डर बाटलेली नाही हे कबूल करावं लागलं असतं.

राणीचे ओठ उघडले. मी वाट बघत होतो. मी आयुष्यात एवढी कशाचीच वाट पाहिलेली नाही.

ओठ मिटले.

सेनापतीला एकाएकी आपल्या बाहीवरची मुंगी दिसली. प्रिमरोझच्या सरदारणींना संध्याकाळ किती छान आहे ते आठवलं. एक चोपदार खोकला. आणि राणी म्हणाली, "कुलिन, दूध निवतंय. सुरुवात करू या."

कुणी खोटं बोललं नाही. एकही शब्द खोटा नाही! अशी माणसं रात्री शांत झोपतात, मित्रांनो. माझा संताप तिथे सुरू झाला आणि अजून चालू आहे.

तिने मला ओठांकडे नेलं आणि मी तडकलो.

वाळलो होतो म्हणून तडकलो की ठरवून, असं तुम्ही मला विचाराल. मी सालीतून आलेला नाही, नुसतं भांडं आहे, मला खोटं बोलता येतं. पण खरंच सांगतो. ती आतली भेग मी दिवसभर धरून ठेवली होती. त्या क्षणी सोडून दिली. गाठीपासून बुडापर्यंत फाटलो आणि सगळा चीक राणीच्या पांढऱ्या झग्यावरून खाली गवतात गेला.

"धरा! धरा!" कुलिन किंचाळला.

पण धरणार कोण? पडलेलं उचलून प्यायचं नाही, असं त्यांचं वळण. मानकरी गवताला तोंड लावत नाहीत. सगळे गोल उभे राहून आपला वर्षभराचा जीव मातीत जाताना बघत राहिले, आणि एकाचाही गुडघा वाकला नाही. आचन तेवढा चारी पायांवर झाला आणि ओंजळ भरून घेतली. "आम्ही हसवणारी माणसं," तो म्हणाला, "आम्हाला चालतं."

बांधाच्या फटीतून खाली ओढ्यापर्यंत गुरांच्या खुरांनी पडलेली एक घळ आहे. चीक त्या घळीतून उताराला लागला. फार्नोगला कळलं. ती पळत सुटली. घळीत मध्ये मध्ये चीक अडायचा तिथे हातांनी माती उकरत, धार पुढे नेत, ती खाली गेली. मी हे पाहिलं, कारण तोवर कुलिनने मला लाथेने उडवलं होतं आणि मीही त्याच उतारावरून गडगडत येत होतो.

खाली पोचेपर्यंत धार करंगळीएवढी उरली होती. समोर दोन झाडं होती, एक रुआचं आणि एक फार्नोगचं स्वतःचं. धार आपणहून तिच्या मुळांकडे वळत होती, कारण तीच उताराच्या बाजूला होती. फार्नोगने तिथे आपला पाय आडवा घातला.

"आई, थोडं तुला राहू दे," रुआ म्हणाली.

"माझ्यावर खूण नाही गं. मला कोण तोडतंय, गाठीगाठीची म्हातारी. सरक, नीट पडू दे."

तिला खोटं बोलता येत नव्हतं. मला वाटतं, तिला ते खरंच वाटत होतं. सगळा चीक, शेवटच्या थेंबापर्यंत, रुआच्या मुळाशी गेला. मग उजेड संपला आणि सगळे आपापल्या सालीत गेले. मी ओढ्यात पडलो होतो, तळाशी, डोळा वर करून.

सकाळी डोनाख कुऱ्हाड घेऊन आला. गोर्मला दोर घेऊन मागून. त्याने कुऱ्हाड उचललीच होती.

"अहो, थांबा! खाली बघा!"

"काय झालं?"

"चीक आहे मुळाशी. डोळे फुटले का तुमचे?"

डोनाखने वाकून पाहिलं आणि कुऱ्हाड खाली टाकली. "परवा तर नव्हता."

"परवा नव्हता म्हणून आज नाही का? हात लावलात ना, तर मी ह्या घरात राहणार नाही, सांगून ठेवते. गाय आटेल आपली."

"बरं बरं, ओरडू नकोस." त्याने टोपी काढली, रुआसमोर पुटपुटत माफी मागितली. मग डोकं खाजवत टेकडीकडे पाहिलं. "मघाशी वर बघून आलो, एका गॉर्सच्या झुडपाशिवाय यंदा कुणाच्याच मुळाशी पांढरं नाही. विचित्रच."

वर, बांधात, एकही पान हलत नव्हतं. वारा असूनही. राणी, सेनापती, यूर, सगळे आपापल्या सालीत श्वास धरून उभे होते. एक सकाळभर ते फार्नोगसारखे जगले. मला थोडंसं बरं वाटलं, नाही म्हणणार नाही. पण डोनाखला दुधाची भांडी करायची होती आणि त्याला आल्डरच हवी होती.

"हिच्या मुळाशी?" त्याने फार्नोगकडे बोट केलं.

गोर्मलाने गवत बाजूला करून बघितलं. "हिच्या नाही काही."

"गाठी फार आहेत. पण चालेल."

मी सगळं पाहिलं. डोळा मिटता येत नाही मला. पहिल्या घावाला ती पांढरी होती, मग लाल झाली. रुआ शेजारी उभी होती, सालीच्या आत, आणि पुढच्या मेपर्यंत तिला बाहेर येता येणार नव्हतं. झाडाला रडता येत नाही, पळता येत नाही, डोळेही झाकता येत नाहीत.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. मलाही तसं वाटलं होतं. पण पुढच्या वर्षी मेच्या आदल्या संध्याकाळी गोर्मला टेकडी चढली तेव्हा तिच्या हातात चिकाबरोबर एक नवा प्याला होता. जुना हरवला असेल, त्यांना नवा द्यावा, असं तिच्या मनात आलं असणार. तिच्यावर माझा राग नाही. अखंड ठोकळ्यातला, बूड गोल, तोंड चौकोनी, चार कान. फार्नोगचा.

ओढ्याच्या तळाशी वरचं बोलणं फार लांबून येतं, पण येतं. घंटा हलल्या. आणि मग मी ते ऐकलं.

"काय सुरेख लाल रंग आहे हो!"

"आमच्या घराण्याचं लाकूड असंच लाल असतं."

तेव्हापासून दर वर्षी. तीच वाक्यं, तोच झगा, तीच उजव्या हाताची जागा. रुआ दर वर्षी त्या दिवशी वर जाते आणि बांधाच्या फटीत उभी राहते, तांबड्या पावलांनी. ती घोट मागत नाही. ती नुसती तिच्या आईकडे बघत उभी असते, आणि राणी तिच्याकडे बघायचं टाळते. आचन एकदा हसवता हसवता मध्येच गप्प झाला होता म्हणे. पण प्रश्न विचारायचा हक्क त्यालाही नाही आणि रुआलाही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी शेवटी तुम्हाला विनंती करतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मला पुसू नका. मी आल्डरचा आहे, पाण्यात मला काही होत नाही. माझी विनंती वेगळी आहे.

त्या बांधात तुम्ही कुणीच नाही. तुम्हाला तिथे उजवीकडे जागा नाही, डावीकडे नाही, तुम्ही कुणाच्या वरचे नाही आणि कुणाच्या खालचेही नाही. म्हणजे खालच्याने वरच्याला विचारू नये, हा नियम तुम्हाला लागू नाही. मे महिन्याच्या आदल्या दिवशी त्या टेकडीवर जा. फटीत रुआ उभी असेल, तिच्या शेजारी उभे राहा. राणी प्याला उजेडात धरेल, रंगाचं कौतुक करेल, म्हातारा आपलं वाक्य बोलेल. ते संपू द्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने विचारा: "आजोबा, हा प्याला कुणाच्या लाकडाचा?"

त्याला खोटं बोलता येत नाही. उत्तर त्याला द्यावंच लागेल, पण आधी तो ऐकू न आल्यासारखं करेल. सगळे बाहीवरची मुंगी बघतील, संध्याकाळ छान आहे म्हणतील. तुम्ही हलू नका. पुन्हा विचारा.